हजेरी आणि अंतर

कर्मचाऱ्यांना पुन्हा ऑफिसात बोलावणारे आदेश 2022 पासून निघू लागले आणि 2023 च्या अखेरीपर्यंत देशातल्या मोठ्या आयटी कंपन्यांनी ते कमीअधिक कडकपणे लागू केले. मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच असतो. आठवड्यातून अमुक दिवस नेमून दिलेल्या ऑफिसात हजर राहावे, हजेरी कार्डावर नोंदली जाईल, आणि ती कमी पडली तर वर्षाच्या मूल्यमापनात त्याचा विचार होईल. अंधेरीत राहणाऱ्याला हाच मेल येतो आणि डहाणूत राहणाऱ्यालाही हाच. तो पाळण्याची किंमत मात्र दोघांना सारखी पडत नाही. डहाणू रोड स्टेशन चर्चगेटपासून सुमारे 124 किलोमीटरवर, पश्चिम रेल्वेच्या लोकल सेवेचे उत्तरेकडचे शेवटचे स्टेशन आहे. तलासरी त्याच्याही पुढे, मुंबई–अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या हद्दीजवळ; त्या गावाला रेल्वे स्टेशनच नाही. तिथला माणूस एसटीने, जीपने किंवा स्वतःच्या बाइकवर डहाणू रोड, उंबरगाव नाहीतर संजाण गाठतो आणि मग त्याचा प्रवास सुरू होतो. या आदेशांवर कर्मचाऱ्यांचा विश्वास का बसत नाही, हे डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतून पाहिले की नीट कळते.

मुंबईत नोकरी आणि डहाणूत घर ही रीत आयटीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. बँका, न्यायालये, महापालिका, मंत्रालय, रेल्वे, इस्पितळे या सगळ्या ठिकाणी डहाणू, घोलवड, वाणगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या कामाला आहेत. पूर्वी त्यांचा आधार शटल, वलसाड पॅसेंजर आणि सुरतेहून येणारी फ्लाइंग राणी. 16 एप्रिल 2013 रोजी डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली आणि हा सगळा पट्टा मुंबईचे उपनगर मानला जाऊ लागला. मुंबईत दोन खोल्या घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, त्यांनी पालघर, बोईसर, डहाणूत कर्ज काढून फ्लॅट घेतले. घर घेताना लोकलचे वेळापत्रक समोर ठेवूनच हिशेब केला गेला.

पण उपनगर हे नाव मिळाले तरी उपनगराची सोय मिळाली नाही. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत, 64 किलोमीटरमध्ये, दोनच मार्ग. त्यांवरूनच लोकल, मेमू, गुजरात–राजस्थानच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. एक्स्प्रेसला वाट द्यायला लोकल बाजूला थांबते. विरारच्या अलीकडे एक लोकल चुकली तर मागून लगेच दुसरी येते; डहाणूकराची चुकली की तास-दीड तासाची निश्चिंती. चौपदरीकरणाला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात (एमयूटीपी-3) 2016 च्या अखेरीस केंद्राची मंजुरी मिळाली. तेव्हापासून प्रवासी त्याची वाट पाहत आहेत.

अंधेरीतल्या ऑफिसात साडेनऊला पोचायचे असेल तर डहाणूत राहणाऱ्याचा दिवस पाचच्या आधी सुरू होतो. घरून स्टेशन, अंधेरीपर्यंत सुमारे दोन तास लोकल, मग पूर्वेला उतरून मेट्रो किंवा शेअर रिक्षाची रांग. जाण्या-येण्यात मिळून रोज साधारण पाच तास जातात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर पंचवीस तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीचे तीन दिवस निव्वळ वाटेवर. ऐरोलीच्या किंवा बीकेसीच्या ऑफिसात जाणाऱ्याचा हिशेब याहून वाईट. पावसाळ्यात वैतरणेच्या किंवा नालासोपाऱ्याच्या बाजूला पाणी भरले की हिशेबच उरत नाही. रात्रपाळीत कंपनीची कॅब असते, पण ती सहसा विरारच्या पुढे येत नाही.

22 मार्च 2020 च्या रात्री मुंबईची लोकल थांबली. जूनच्या मध्यापासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, आणि लशीचे दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना तिच्यात दिवसभर जागा मिळायला 15 ऑगस्ट 2021 उजाडले. मधल्या काळात इस्पितळातले, महापालिकेतले, बँकेतले कर्मचारी जीव मुठीत धरून जात राहिले. लॅपटॉपवरचे काम करणारे मात्र घरी बसले. त्या वेळी ऑफिस काही काळ घोलवडच्या चिकूच्या वाडीतल्या पडवीत, बोर्डीच्या माडीवर, डहाणूच्या वन-रूम-किचनमध्ये ओट्याशेजारी मांडलेल्या टेबलावर चालले. सकाळी दूधवाल्याकडे जाऊन आल्यावर लॉगिन, दुपारी आईला औषध देऊन पुन्हा कॉलवर, आणि रात्री अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर बैठक.

ते सोपे नव्हते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेले आणि वीज गेली, तेव्हा इन्व्हर्टर संपेपर्यंतच काम चालले. महामार्गापासून आत तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवर फोनला रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागे; तिथल्या घरातून ऑफिस चालवणे अशक्यच होते. घरून काम ही मुळात थोड्यांचीच सोय होती, हे इथे विसरता येत नाही. तारापूरच्या एमआयडीसीतला कामगार, डहाणूच्या बंदरावरचा मच्छीमार, वाडीत चिकू उतरवणारा गडी, पावसाळा संपल्यावर वीटभट्टीवर जाणारे कुटुंब, यांना घरी बसण्याची मुभा कुणी दिली नव्हती. परंतु ज्यांना ती मिळाली, त्यांनी त्या काळात काम पूर्ण केले, कंपन्यांनी नफे जाहीर केले, आणि हे कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या अविश्वासाचे मूळ तिथे आहे. जी गोष्ट होत नाही असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, ती होते हे एकदा कळले, की नंतर ती होत नाही असे सांगणाऱ्याला कारण द्यावे लागते.

कंपन्यांचे स्वतःचे शब्दही विस्मरणात गेलेले नाहीत. टीसीएसने एप्रिल 2020 मध्ये सांगितले होते की 2025 पर्यंत कोणत्याही वेळी एकूण कर्मचाऱ्यांपैकी केवळ 25 टक्के लोकांनी ऑफिसात असण्याची गरज राहील. त्याच कंपनीने 1 ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येण्यास सांगितले आणि 2024 मध्ये बदलत्या वेतनाचा भाग हजेरीशी जोडला. विप्रोने नोव्हेंबर 2023 पासून आठवड्याचे तीन दिवस ठरवले, इन्फोसिसने महिन्याचे दहा. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जानेवारी 2025 पासून पाच दिवस सक्तीचे केले. व्यवसायाची गरज बदलते, धोरण बदलण्याचा अधिकारही कंपनीला आहे. पण पहिल्या घोषणेच्या भरवशावर कुणी डहाणूत घर घेतले, कुणी गावाकडे मुलांची शाळा ठरवली. धोरण बदलले तेव्हा या निर्णयांची दखल मेलमध्ये एका ओळीनेही घेतलेली नव्हती.

अविश्वास नेमका कशावर आहे, हे ऑफिसातला एक दिवस जवळून पाहिला की कळते. दारावर कार्ड पंच होते आणि वेळ नोंदली जाते. टेबल स्वतःचे नसते. आदल्या रात्री अ‍ॅपवर बुक करावे लागते आणि पोचायला उशीर झाला तर खांबाआडचे मिळते. टीममधले दोघे पुण्यात, तिघे बेंगळुरूत, एक चेन्नईत आणि क्लायंट न्यू जर्सीत. म्हणजे दिवसभराच्या बैठका टीम्सवरच होतात, कानाला हेडफोन लावून. शेजारच्या टेबलावरचा माणूसही आपल्या हेडफोनमध्ये दुसऱ्या कुणाशी बोलत असतो. संध्याकाळी पुन्हा पंच, पुन्हा रांग, आणि डहाणू लोकलमध्ये विरारपर्यंत उभे. समोरासमोर बसल्याने सहकार्य वाढते हे कारण आदेशात पहिले असते. प्रत्यक्षात समोर कुणीच बसलेले नसते. काम दिवसभर स्क्रीनवरच होणार असेल तर ती स्क्रीन 100 किलोमीटर वाहून का न्यायची, हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. पहाटे पाचला उठणाऱ्याला आळशी म्हणता येत नाही.

म्हणून मग न सांगितलेली कारणे शोधली जातात. डब्यात यावर रोज चर्चा होते. भाड्याने घेतलेले मजले रिकामे दिसतात म्हणून, असे कुणी म्हणते. नोकरकपात न करता माणसे आपण होऊन जावीत म्हणून, असे दुसरा म्हणतो. साहेबांना समोर माणसे दिसली नाहीत तर काम होतेय असे वाटत नाही, हे तिसरा सांगतो. या तिसऱ्या कारणाला बराच आधार आहे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 87 टक्के कर्मचाऱ्यांनी आपले काम नीट होते असे सांगितले होते. 85 टक्के वरिष्ठांनी मात्र लोक विखुरलेले असताना त्यांच्या कामाची खात्री वाटणे अवघड जाते, असे म्हटले. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचा अभ्यास मांडला. त्यात अशा आदेशांनंतर आर्थिक कामगिरी सुधारल्याचे आढळले नाही, कर्मचाऱ्यांचे समाधान मात्र घटले. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग जून 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्याचे दोन दिवस घरून काम दिल्यावर कामाची प्रत आणि बढत्या यांत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. ही घट स्त्रियांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये विशेष होती. डहाणू लोकलच्या लेडीज डब्यात विरारनंतर मटार सोलत बसलेल्या बाईला हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. तिचा दिवस घरी पोचल्यावर संपत नाही, आणि वाटेवर गेलेला प्रत्येक तास ती झोपेतून भरून काढते.

कंपन्यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट खरी आहे आणि कर्मचाऱ्यांनीही ती मान्य केली पाहिजे. नव्याने लागलेला मुलगा किंवा मुलगी शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाकडून जेवढे शिकते, तेवढे स्क्रीनवरून शिकत नाही. तलासरीच्या आश्रमशाळेत शिकून, पुढे पदवी घेऊन, घराण्यात पहिल्यांदाच कंपनीत लागलेल्या वारली किंवा कोकणा तरुणाला तर हे फार लागते. मेल कसा लिहायचा, बैठकीत कधी बोलायचे, चूक झाली तर कुणाला आधी सांगायचे, पगारवाढ कशी मागायची, हे त्याला घरात कुणी सांगू शकत नाही. हे शिक्षण ऑफिसातच होते, जेवणाच्या टेबलावर, चहाच्या टपरीवर. म्हणून त्याने पहिली दोन वर्षे विरारला किंवा नालासोपाऱ्याला कॉट बेसिसवर राहून रोज ऑफिसला जावे, असे कुणी सांगितले तर ते योग्यच आहे. पण त्यासाठी त्याला शिकवणारा जाणता माणूस त्याच शहरात, त्याच मजल्यावर हवा. तो बेंगळुरूत असेल तर या कारणातही काही उरत नाही. एक कारण सरकारी नियमांचेही असते. सीप्झ किंवा ऐरोलीच्या आवारासारख्या विशेष आर्थिक क्षेत्रांच्या सवलती त्या आवाराशी बांधलेल्या असतात, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्यासाठी जुलै 2022 मध्ये केंद्राला नियमांत नवी तरतूद घालावी लागली. ही अडचण खरी होती. ती तशीच सांगितली असती तर लोकांना पटली असती. संस्कृती आणि आपलेपणा या शब्दांआड ती लपवण्याची गरज नव्हती.

याच लोहमार्गावर सकाळी उलट दिशेनेही गर्दी असते. वसई-विरारहून शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, बँकेचे कर्मचारी पालघर, बोईसर, डहाणूला उतरतात आणि तिथून एसटीने किंवा जीपने कासा, सायवन, उधवा, तलासरीकडे जातात. त्यांच्यावरही एक आदेश आहे, आणि तो कंपन्यांच्या आदेशाहून कितीतरी जुना आहे: मुख्यालयी राहा. ग्रामविकास विभागाने सप्टेंबर 2019 मध्ये मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव आणण्याची अट घातली. ऑगस्ट 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न विधानसभेत मांडला, तेव्हा राज्यभर वाद पेटला आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये (तेव्हाच्या औरंगाबादमध्ये) शिक्षकांनी मोर्चा काढला.

हे कर्मचारीही आदेशाकडे संशयाने पाहतात, आणि त्यांची कारणे ऐकण्यासारखी आहेत. गावात राहायला भाड्याचे घर नाही. आरोग्य उपकेंद्राला जोडून बांधलेली निवासस्थाने कुठे गळतात, कुठे वापराबाहेर गेली आहेत. जोडीदाराची नोकरी वसईत, मुलांची शाळा तिथेच. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, भिंतींना तडे गेले, आणि गावकरी थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होते. तिथे राहा म्हणणाऱ्याने आधी घर दाखवले पाहिजे. तरीही या आदेशामागचे कारण डोळ्यांसमोर उभे आहे. मध्यरात्री पाड्यावरून बाळंतीण जीपमध्ये घालून आणली आणि केंद्राला कुलूप दिसले, तर ज्या परिचारिकेची नेमणूक तिथे आहे तिची जागा तिथेच होती, याबद्दल कुणाचे दुमत असणार नाही. गाडी उशिरा आली म्हणून अकराला उघडणारी शाळा, हे त्या मुलांचे रोजचे नुकसान आहे. सरकारच्या आदेशात कारण खरे आहे, राहण्याची व्यवस्था नाही. कंपनीच्या आदेशात व्यवस्था उत्तम आहे, एसी आहे, कॅन्टीन आहे. कारणच सापडत नाही. दोन्हीकडचा संशय दिसायला एक, पण त्याला उत्तर द्यायचे तर दोन्हीकडे वेगवेगळे द्यावे लागेल. शिक्षकाला घर द्यावे लागेल. संगणकावर काम करणाऱ्याला कारण द्यावे लागेल.

काम कुठे व्हावे याचा विचार डहाणू तालुक्यात फार पूर्वी एकदा मुळापासून झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नव्हती. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत, नाहीतर गुरे चारायला जात. या दोघींनी हजेरीची सक्ती केली नाही. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुराख्यांसाठी शाळा कुरणात भरवली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव सगळ्या देशात गेले. कोसबाडला मूल जिथे होते तिथे काम गेले, आणि काम करणाऱ्या बायका मात्र वर्षानुवर्षे त्याच टेकडीवर राहिल्या. अनुताई 1992 मध्ये गेल्या, तोवर कोसबाडच त्यांचे मुख्यालय होते. त्यासाठी त्यांना परिपत्रक लागले नाही. माणूस कुठे हवा हे ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्या गरजेवरून ठरवायचे, ही त्यांची रीत होती. ती आयटी कंपनीलाही लागू पडते. क्लायंटला आणि टीमला माणूस कुठे हवा आहे, एवढाच प्रश्न प्रत्येक कामाबद्दल विचारायचा.

कायद्याचा आधार इथे जवळपास नाही. नेमणूकपत्रात कामाची जागा ठरवण्याचा अधिकार कंपनीने आपल्याकडे ठेवलेला असतो. केंद्राने 31 डिसेंबर 2020 रोजी सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा जो मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख होता. तोही मालकाने मुभा दिली तरच. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ आणि जागा बदलून मागण्याचा हक्क मिळाला आहे, आणि अर्ज नाकारण्याआधी मालकाने कर्मचाऱ्याशी चर्चा करणे बंधनकारक आहे. भारतात अर्ज करता येतो, पण त्याचे काय होते ते मॅनेजरच्या मर्जीवर. मॅनेजर समजूतदार असेल तर दोन सलग दिवस बोलावतो, म्हणजे माणूस एक रात्र विरारला बहिणीकडे काढून दुसऱ्या दिवशी परत येतो. नसेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात आणि तीन पहाटा जातात.

उरलेले पर्याय लोक आपापल्या परीने शोधत आहेत. काहींनी डहाणूचा फ्लॅट भाड्याने देऊन नालासोपाऱ्यात खोली घेतली. काहींनी बोईसरच्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत कमी पगाराची नोकरी पत्करली. दुसरे मूल झाल्यावर राजीनामा देणाऱ्या स्त्रिया कंपनीच्या नोंदींत वैयक्तिक कारणाने गेलेल्या दिसतात. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून सरकारी कामांसाठी ठाण्याला जाण्याची गरज उरली नाही, कारण जिल्हाधिकारी कार्यालय पालघरला आले. तसेच एखाद्या कंपनीने विरारला किंवा पालघरला पन्नास टेबलांचे छोटे ऑफिस काढले, तर तिच्या उत्तरेकडच्या कर्मचाऱ्यांचे वाटेवरचे तास निम्म्यावर येतील आणि कार्ड पंच करण्याचे समाधानही कंपनीला मिळेल. ही मागणी प्रवासी बऱ्याच दिवसांपासून डब्यात आपापसांत बोलतात. ती एचआरपर्यंत लेखी पोचवायला मात्र कुणी धजत नाही, कारण अर्जाखाली नाव लिहावे लागते आणि पुढच्या मूल्यमापनात ते नाव कुणाच्या लक्षात राहील याची खात्री नसते.